कोयरीची कानटोपी

जानेवारीत बाबा कोल्हापूरहून आमच्याकडे विस्कॉन्सिनला आले, तेव्हा बॅगेत त्यांची जुनी माकडटोपी होती. "ही पुरते," म्हणाले. विमानतळाच्या दारापासून गाडीपर्यंतही ती पुरली नाही. गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं, "शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते."

हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे आणि ते खरं नाही. २००८ साली इंडियाना विद्यापीठातल्या रेचल व्रीमन आणि अ‍ॅरन कॅरल या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा वैद्यकीय गैरसमजांवर लिहिलं, त्यात हाही होता. अमेरिकी लष्कराच्या एका जुन्या पुस्तिकेत ४० ते ४५ टक्के असा आकडा छापलेला होता. डोक्याचा पृष्ठभाग शरीराच्या साधारण दहावा हिस्सा, आणि उष्णताही जवळपास तेवढीच जाते. पण बाकीचं अंग जाड कोटात असताना उघडं राहतं ते डोकंच. म्हणजे कारण चुकलं तरी टोपी हवीच.

मी दोन रंगांची विणायची ठरवली: मोतिया लोकरीवर मरून कोयरी, पैठणीच्या पदराला शोभेल अशी. हौस होतीच, पण दोन रंगांच्या विणीची टोपी जास्त उबदारही असते. मरून टाका पुढे पडतो तेव्हा मोतिया धागा मागून मोकळा जातो, आणि मोतिया टाक्याच्या वेळी मरून. त्यामुळे टोपी नक्षीच्या सगळ्या भागात दुहेरी होते. ऊब देते ती खरं तर लोकरीत अडकलेली स्थिर हवा. लोकरीचा कुरळा तंतू तिला फक्त हलू देत नाही. मागच्या धाग्यांमुळे हवेचा आणखी एक थर मिळतो आणि वारा आरपार जाणं अवघड होतं. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ओलावा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही.

पहिली टोपी फसली. बाबांच्या डोक्यावर ती टोपलीसारखी बसली, कपाळापर्यंत आलीच नाही. माप बरोबर होतं: डोकं २२ इंच, माझ्या हाताला इंचाला ६ टाके, १२० टाके म्हणजे २० इंच, उरलेले दोन इंच लोकर ताणून देते. पण ताणतो तो टाका, कारण त्यातला धागा वळलेला असतो. मागून जाणारा धागा सरळ असतो, त्याला ताणायला काही शिल्लकच नसतं. माझ्या कोयरीच्या पोटात सलग ११ मरून टाके होते आणि त्यांच्यामागे मोतिया धागा मी नीटनेटका, घट्ट ओढला होता. अख्खी टोपी तेवढीच ताणणार, जेवढा तो धागा ताणेल!

सगळी उसवली. दुसऱ्या खेपेला कोयरीचं पोट मोतिया ठिपक्यांनी भरलं, म्हणजे कुठलाच धागा चार-पाच टाक्यांपेक्षा जास्त मागे लोंबत नाही. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके पसरून घेतले. नॉर्वेतल्या सेल्बू गावच्या हातमोज्यांवरची आठ पाकळ्यांची फुलं आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीतली वाटतात, आणि त्यांच्याही आजूबाजूला बारीक नक्षी भरलेली असते. ती केवळ शोभेची नाही, हे मला उसवताना कळलं.

कोयरीचा आलेख चौकटीच्या वहीत काढू नका. टाका चौरस नसतो. माझ्या विणीत इंचाला ६ टाके पण ७ ओळी येतात, म्हणून २० चौकटी रुंद आणि २० उंच कोयरी विणल्यावर ३.३ इंच रुंद आणि जेमतेम २.९ इंच उंच होते. आंब्याचं वांगं! २४ ओळी घेतल्या तेव्हा ती सावरली. अशा सहा कोयऱ्यांत १२० टाके बरोबर बसतात.

माथ्याला थोडी भूमिती लागते. सपाट चकतीचा परीघ त्रिज्येच्या दर इंचाला २π, म्हणजे ६.२८ इंच कमी होतो. माझ्या मापात ते दर फेरीला ५.४ टाके. त्याहून जास्त घटवले तर चुण्या पडतात, कमी घटवले तर माथा वर चढतो. डोकं घुमटासारखं, म्हणून आधी दर तिसऱ्या फेरीला १२ टाके कमी केले, वर गेल्यावर दर दुसऱ्या फेरीला. शेवटचे १२ टाके धाग्यात ओवून आवळले.

हे सगळं गोल सुईवर. याच विस्कॉन्सिनमध्ये राहिलेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी १९७१च्या 'निटिंग विदाउट टियर्स' या पुस्तकात गोल विणण्याचाच आग्रह धरला होता. नक्षी कायम आपल्याकडे तोंड करून असते आणि सगळे टाके सुलटच.

बाबांनी टोपी घातली, आरशात पाहिली. कोयरी आवडली. मग म्हणाले, "आणि कानांचं काय?"

आता खालच्या कडेवरून टाके उचलून दोन कानपट्ट्या चालू आहेत. त्या मात्र एकरंगी, दुहेरी लोकरीच्या. सपाट विणताना दर दुसऱ्या ओळीत नक्षी पाठीमागून वाचावी लागते, आणि बाबांचं परतीचं विमान तीन आठवड्यांवर आलंय.