कोटेशनवरची '32 जीबी रॅम' ही ओळ नीट वाचा

भोसरी किंवा चाकण एमआयडीसीत डाय, फिक्श्चर, शीटमेटलचं डिझाइन करणाऱ्या छोट्या ऑफिसांत एक तक्रार हमखास ऐकू येते. एकेकटा पार्ट झटकन उघडतो, पण दोन-तीनशे पार्टची असेंब्ली उघडली की माऊस अडकतो आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. दोष प्रोसेसरला दिला जातो. बऱ्याचदा मात्र रॅम भरलेली असते आणि विंडोज उरलेला डेटा एसएसडीवर टाकत-काढत बसलेली असते. एसएसडी कितीही चांगली असली तरी रॅमपुढे ती मंदच.

म्हणून नवीन मशीन जोडण्याआधी जुन्यावर एक काम करा. तुमची सगळ्यात मोठी असेंब्ली उघडा. सोबत ब्राउझर, व्हॉट्सॲप, कस्टमरच्या पीडीएफ, टॅली, जे रोज चालू असतं ते सगळं चालू ठेवा. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान बघा. तिथे 'कमिटेड'खाली दोन आकडे दिसतात. त्यातला पहिला म्हणजे प्रोग्रॅमांनी मागितलेली मेमरी. तो बसवलेल्या रॅमच्या बराच वर गेला असेल, तर दुखणं तिथेच आहे. या आकड्यात निम्म्याची भर घाला आणि तेवढी रॅम घ्या. आकडा 20 जीबी आला तर 32 जीबी पुरेल. सॉलिडवर्क्स 16 जीबी किंवा जास्त सांगतं, पण ती सुरुवात समजा. टूडी ड्रॉइंग आणि बिलिंगसाठी 16 पुरे. मोठ्या असेंब्ली आणि सिम्युलेशन असेल तरच 64 चा विचार करा.

एका ओळीत दडलेले प्रश्न

दुकानदार कोटेशनवर '32 जीबी रॅम' एवढंच लिहितो. पहिला प्रश्न विचारा: डीडीआर4 की डीडीआर5? हे रॅम नव्हे, मदरबोर्ड ठरवतो. दोन्हींना 288 पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. एएमडीच्या एएम4 बोर्डांना डीडीआर4 लागते, एएम5 ला फक्त डीडीआर5. इंटेलच्या 12व्या ते 14व्या पिढीचे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि घोळ नेमका इथेच होतो. बोर्डाचं पूर्ण नाव बिलावर लिहून घ्या.

दुसरा प्रश्न: एक स्टिक की दोन? 32 ची एक नको, 16 च्या दोन घ्या, त्याही एकाच पाकिटातल्या. डीडीआर4-3200 ची एक स्टिक सेकंदाला 25.6 जीबी डेटा देऊ शकते, दोन चॅनेलवर दोन लावल्या की 51.2. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. चार खाचांच्या बोर्डावर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी खाच वापरायची, तरी मॅन्युअल बघाच. चारही खाचा भरण्याची हौस एएम5 वर तर टाळाच. तिथे चार स्टिकना अधिकृत वेग 3600 वर येतो.

वेगाचा आकडा बघताना सीएल हा आकडाही बघा. डीडीआर4-3200 सीएल16 आणि डीडीआर5-6000 सीएल30, दोन्हींचा पहिल्या प्रतिसादाचा वेळ 10 नॅनोसेकंदच येतो. सीएल36 घेतली तर 12. हिशेब सोपा आहे: सीएलला 2000 ने गुणा, वेगाने भागा. डीडीआर5 पुढे जाते ती एका वेळी जास्त डेटा नेते म्हणून. 6000 ची रॅम लावून बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केलं नाही, तर ती बहुतेक 4800 वरच चालत राहते. जास्त पैसे मोजून ही सेटिंग विसरलेली मशीन कमी नाहीत. आणि दिव्यांच्या रॅमने असेंब्ली लवकर उघडत नाही.

चूक आता महाग पडते

2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भराभर चढले. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक मेमरी बनवतात, आणि त्यांची क्षमता एआय डेटा सेंटरकडे वळली. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणाही केली. अशा वेळी जुन्या मशीनमधली डीडीआर4 चांगली चालत असेल, तर डीडीआर4 चाच बोर्ड घेऊन ती पुन्हा वापरणं यात कमीपणा नाही. नवीन घेताना पिंपरीत घ्या, तपकीर गल्लीत घ्या किंवा लॅमिंग्टन रोडला. पक्कं बिल आणि त्यावर सिरियल नंबर हवाच. वॉरंटी त्यावरच मिळते, आणि जीएसटी नोंदणी असेल तर क्रेडिटही.

शॉपफ्लोअरला लागून ऑफिस असेल तर ग्राइंडिंगची धूळ आत येतेच. मशीन चालू न होता नुसतं बीप करू लागलं, तर वायर काढून रॅम बाहेर घ्या, सोनेरी पट्टी साध्या खोडरबराने हलकेच पुसा, कण झटका आणि क्लिक आवाज येईपर्यंत परत बसवा. निम्म्या वेळा तेवढ्याने काम होतं.

नवीन रॅम लावल्यावर लगेच कामाला जुंपू नका. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86 काही तास चालवा. एकही चूक दाखवली तर वेग मूळ सेटिंगवर आणून पुन्हा तपासा. तरीही चूक आली तर स्टिक बदलून घ्या, कारण बिघडलेली रॅम फाइल गुपचूप खराब करते आणि ते कळतं कस्टमरने ड्रॉइंग परत पाठवल्यावर. गुरुवारची सुट्टी यासाठी बरी, फक्त महावितरणची दुरुस्तीही बहुधा गुरुवारीच निघते. तेव्हा टेस्ट बुधवारी रात्री लावून घरी जा.