घरच्या कॉम्प्युटरला लागणारी कीड : ओळख आणि तपासणी



उसाला हुमणी लागली म्हणजे सुरुवातीला वरून काही कळत नाही. पानं पिवळी पडतात, बेट हाताने ओढलं तरी उपटून येतं, आणि मुळाशी पाहावं तर अळ्या! घरच्या कॉम्प्युटरला लागणारी कीडही अशीच आतून काम करते. आपण तिला सरसकट व्हायरस म्हणतो. सर्व प्रकारांना मिळून मालवेअर असे नाव आहे. हा जंतू नव्हे, तर वाईट हेतूने माणसानेच तयार केलेला प्रोग्रॅम होय. कोणी आपण टाइप केलेला पासवर्ड चोरून पाठवतो, तर कोणी फायलींना कुलूप लावून खंडणी मागतो.

आज अनेक घरांत मुलांच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर आलेला आहे. त्याच्यावरच सातबारा काढला जातो आणि उसाचं बिल जमा होणारं बँकेचं खातंही उघडलं जातं. म्हणून हा विषय केवळ पोरांचा नाही.

पुण्याची कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी तिच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून एटीएमच्या व्यवहारांना खोटी मंजुरी देण्याची सोय केली. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला पाठवले गेले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर. तो भार बँकेवर पडला, ग्राहकांच्या खात्यांवर नाही. परंतु आपल्या घरच्या कॉम्प्युटरमधून पासवर्ड गेला, तर रक्कम थेट आपल्याच खात्यातून जाते, हे ध्यानात ठेवावे.

कीड येते कशी? बहुतेक वेळा दार आपणच उघडतो. अनोळखी ईमेलसोबतची फाईल, फुकटात मिळालेलं चोरीचं सॉफ्टवेअर, दहा ठिकाणी फिरून आलेला पेनड्राइव्ह, या तिच्या नेहमीच्या वाटा. मोबाईलवर सरकारी योजनेच्या किंवा वाहनाच्या दंडाच्या नावाने येणारी 'एपीके' फाईल त्यातलीच. बेणं पारखून घेता, तशी फाईलही पारखून घ्यावी.

तपासणी कशी करावी?

१) विंडोजमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' ही सोय मुळातच असते. ती उघडून 'फुल स्कॅन' करावा. वेळ लागतो, घाई करू नये.

२) तरीही संशय राहिला तर तिथलाच 'ऑफलाइन स्कॅन' करावा. विंडोज चालू असताना काही मालवेअर लपून बसतात. हा स्कॅन विंडोज सुरू होण्याआधीच तपासतो, म्हणजे माती उकरून मुळं पाहण्यासारखंच! आधी चालू काम सेव्ह करावे, कारण कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

३) सेटिंग्जमधील अ‍ॅप्सची यादी पाहावी. घरात कोणीच न टाकलेला प्रोग्रॅम दिसल्यास जाणकाराला विचारून काढावा.

४) केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावर मोफत साधने मिळतात. हे केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले.

कॉम्प्युटर मंद झाला म्हणजे कीड लागलीच असं नाही; मशीन जुनं असेल. उलट, काहीच लक्षण नसतानाही कीड असू शकते. परंतु अँटिव्हायरस आपोआप बंद पडणे किंवा भलतीच पानं उघडणे दिसले, तर तपासणी लांबवू नये. 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' अशी पाटी पडद्यावर आली तर फोन मुळीच करू नका. ती पाटीच फसवणूक असते.

कीड सापडली तर प्रथम इंटरनेट तोडावे. त्या कॉम्प्युटरवर बँकेचे काम करू नये. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत. पैसे गेले असतील तर ताबडतोब बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड.

विंडोजच्या सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात. विंडोज १० च्या नियमित सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या आहेत, तेव्हा जुन्या मशीनवाल्यांनी याचा विचार करावा. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क कॉम्प्युटरपासून सोडवून ठेवावी. पिकावर नजर ठेवता, तशी महिन्यातून एकदा या यंत्रावरही ठेवावी, ही विनंती.