पत्र्याच्या आतली गाडी

रिस्टोअर केलेली एमजीबी जीटी विकायला निघते तेव्हा तिचा फोटो बहुधा ठरलेल्या कोनातूनच काढलेला असतो: पुढून, जरा बाजूने, उतरत्या उन्हात. ब्रिटिश रेसिंग ग्रीन किंवा टार्टन रेड रंग, तारांची चाकं, क्रोमचा बंपर आणि मागे डिकीपर्यंत एका ओघात उतरलेलं छत. फोटोखाली ‘पूर्ण रिस्टोरेशन’ एवढे दोन शब्द. या दोन शब्दांत काहीही मावतं. गाडी पार सांगाड्यापर्यंत सोडवून, गंजलेला पत्रा कापून, नवा जोडून, चार-पाच हिवाळे खपून केलेलं काम त्यात येतं. आणि लांबी भरून, घासून, पंधरवड्यात मारलेला रंगही येतो. फोटोत दोन्ही गाड्या सारख्याच चकाकतात. म्हणून ही गाडी समजून घ्यायची तर रंगाकडे शेवटी वळावं.

एमजी म्हणजे मॉरिस गॅराजेस. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस यांचा गाड्या विकण्या-दुरुस्तीचा धंदा होता आणि १९२२ साली सेसिल किंबर त्याचे व्यवस्थापक झाले. साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या, हलक्या बॉड्या चढवून विकायची कल्पना त्यांची. १९२९ मध्ये हा उद्योग ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावात गेला, एका चामड्याच्या कारखान्याच्या आवारात. पुढची पन्नास वर्षं एमजी म्हणजे ॲबिंग्डन. आपल्याकडे हेक्टरच्या जाळीवर जो अष्टकोन दिसतो तो याच घराण्याचा. आता त्यामागे चीनची साइक कंपनी आणि भारतात जेएसडब्ल्यूची भागीदारी आहे. ॲबिंग्डनशी नातं उरलंय ते बिल्ल्यापुरतं.

१९६२ च्या सप्टेंबरात एमजीबी आली ती उघडी, दोन सीटची. आधीच्या एमजीएला वेगळी चॅसी होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असे. एमजीबीत चॅसीच नाही. पत्र्याचं कवच हाच सांगाडा. मुख्य अभियंता सिड एनेव्हर आणि बॉडी रेखाटणारे डॉन हेटर यांनी हा निर्णय घेतला तेव्हा तो काळाच्या बरोबर होता. साठ वर्षांनी गाडी विकत घेणाऱ्याची सगळी डोकेदुखी मात्र त्याच निर्णयातून येते. त्याकडे येऊच.

कूपेचा ध्यास कारखान्याचे प्रमुख जॉन थॉर्नली यांचा. त्यांना गरिबांची ॲस्टन मार्टिन हवी होती; कंपनीच्या संचालकाने ऑफिसच्या आवारात उभी केली तर त्याला संकोच वाटू नये अशी. ॲबिंग्डनमध्ये छताचे प्रयत्न झाले, पण उघड्या गाडीची बुटकी काच तशीच ठेवून वर छत बसवलं की गाडी टोपी घातल्यासारखी दिसे. शेवटी काम इटलीत पिनिनफरीनाकडे गेलं. त्यांनी पुढची काच उंच केली, छताला कडा दिली, आणि मागे अख्खं वर उघडणारं काचेचं दार आलं. एवढ्यावर सगळं जुळून आलं. ऑक्टोबर १९६५ मध्ये एमजीबी जीटी बाजारात आली, किंमत करासह हजार पौंडांच्या आत. मागे एक सीटही होती, पण तिच्यावर लहान मुलं किंवा मोठ्या बॅगाच बसू शकत. मला स्वतःला उघड्या गाडीपेक्षा ही जास्त आवडते. इंग्लंडच्या पावसात छत असलेलं बरं हे तर आहेच. शिवाय मूळ रेखाटनात काहीतरी अपुरं होतं आणि ते इटलीत पुरं झालं, असं तिच्याकडे बाजूने पाहताना वाटतं.

बोनेट उघडल्यावर मराठी माणसाला, विशेषतः सरकारी गॅरेजात हात काळे केलेल्या फिटरला, ओळखीचं काहीतरी दिसेल. हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ‘बी’ मालिकेतलं इंजिन. आपल्या ॲम्बॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं जे १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं ते याच कुळातलं. एमजीबीत ते १,७९८ सीसीचं झालं, शेजारी शेजारी दोन एसयू कार्बोरेटर बसले आणि ताकद ९५ अश्वशक्तीपर्यंत गेली. लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड, बाजूला कॅमशाफ्ट, वर दांड्यांनी हलणारे व्हॉल्व्ह. यात नाजूक असं काही नाही. ॲम्बॅसिडरचे टॅपेट जुळवलेल्या माणसाला इथे नवीन शिकायला फारसं काही लागणार नाही. सुरुवातीच्या उघड्या गाड्यांत क्रँकशाफ्टला तीन मेन बेअरिंग होती. १९६४ च्या अखेरीस पाच झाली, त्यामुळे कूपे सगळ्या पाच बेअरिंगच्या.

इंजिन थकलं तर रिबोअर करता येतं, हेड उतरवून शिशाविरहित पेट्रोलला चालतील अशा कडक व्हॉल्व्ह सीट बसवता येतात. ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल २००० च्या आरंभी बंद झालं, त्यामुळे रिस्टोअर केलेल्या गाडीत हे काम झालंय का, एवढं विचारायचं. गिअरबॉक्स १९६७ च्या अखेरीपर्यंत पहिल्या गिअरला सिंक्रो नसलेला. त्याच सुमाराला डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि बॅटरीचं अर्थिंग धनाचं ऋण झालं. जुन्या धन-अर्थच्या गाडीला कुणी बेफिकिरीने नवा रेडिओ जोडला तर तो धूर काढून बंद पडतो. हे सगळं किरकोळ. इंजिनाच्या बिघाडाने एमजीबी भंगारात गेल्याची उदाहरणं शोधावी लागतील. तिला खातो तो गंज.

आणि गंज बसतो तो सिलमध्ये. दाराच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा पोकळ पट्टा म्हणजे सिल. बाहेरून तो एक साधा पत्रा दिसतो. आत मात्र बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा आणि आतला पत्रा असे तीन थर असतात, आणि खालून त्यांना धरणारी आणखी एक पन्हाळी असते. चॅसी नसलेल्या या गाडीचं सगळं वजन या पेटीवर तोललेलं. उघड्या गाडीत तर तीच कणा. कूपेत छताचा थोडा हातभार लागतो, म्हणून कूपे जास्त काळ सावरते आणि म्हणूनच जास्त काळ फसवतेही.

पाणी आत शिरतं ते पुढच्या चाकाकडून. चाकाने उडवलेला चिखल अडवायला मडगार्डच्या आत एक पत्रा आहे, त्याच्या कडेला रबर. रबर सुकून सुटलं की चिखल मागे जाऊन मडगार्डच्या तळाशी साचतो. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते मीठ या चिखलात भिजून महिनोन्‌महिने बसतं. निचऱ्याची भोकं बुजलेली असली की सिल आतून सडायला लागतो आणि बाहेरच्या रंगावर पहिला फोड येतो तेव्हा मधला पडदा बहुतेक संपलेला असतो.

दुरुस्तीतली मेख इथेच आहे. सिलचा पुढचा भाग मडगार्डच्या मागे दडलेला, मागचा भाग मागच्या मडगार्डच्या खाली. सिल खरोखर बदलायचा तर पुढचं मडगार्ड काढावं किंवा त्याचा तळ कापावा लागतो, मागच्या मडगार्डचा खालचा तुकडाही कापावा लागतो, मग तिन्ही थर नवे घालून सगळं पुन्हा जोडायचं. त्यातही दारं जागेवर ठेवून, बॉडीला आडव्या दांड्यांनी जखडून. नाहीतर कापता कापता गाडी मध्येच झुकते आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत वेल्ड होते. हा कितीतरी दिवसांचा घाम. दुसरा रस्ता म्हणजे सडलेल्या सिलवर नवा बाहेरचा पत्रा टोपणासारखा बसवून कडेने टाके मारायचे आणि रंग द्यायचा. दुपारपर्यंत उरकतं. चमकतंही छान. आत सडका पत्रा सडतच राहतो, आता आणखी झाकून.

तेव्हा खरेदीला गेल्यावर पहिलं काम म्हणजे गाडीपासून चार पावलं लांब उभं राहून दाराच्या मागची फट पाहणं. वरपासून खालपर्यंत ती सारखी असली पाहिजे. वर चिंचोळी आणि खाली रुंद असेल तर गाडी कमरेत वाकली आहे. मग जॅक लावून एक बाजू उचलायची आणि दार उघडून मिटायचं. खळखळ न करता मिटलं तर सिलमध्ये जीव आहे. जाड कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक मडगार्डच्या तळावर फिरवायचं. लांबी जिथे जाड, तिथे ते धरत नाही. सीटच्या मागची फळी उचलून बॅटरीची जागा बघायची. १९७४ पर्यंत इथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत, आणि सांडलेल्या ॲसिडने खालचे पाळणे खाल्लेले असतात. दाराच्या त्रिकोणी काचेच्या बुडाशी पत्र्याला उभी चीर पडते ती या गाडीची जन्मजात खोड. रंगाखाली ती बुजवलेली असली तर वर्षभरात पुन्हा वर येते.

एवढं करूनही गाड्या टिकल्या, कारण सुटे भाग मिळतात. १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेजने एमजीबीचे मूळ साचे हुडकून काढून नवी बॉडीच घडवायला घेतली, आधी उघड्या गाडीची, मागाहून कूपेचीही. म्हणजे गाडी बंद झाल्यावर काही वर्षांनी तिचा सांगाडा पुन्हा नवा मिळू लागला. अशा नव्या बॉडीत जुनं इंजिन, जुना डॅशबोर्ड, जुनी काच घालून केलेली गाडी असेल तर ती मूळची म्हणायची का, यावर क्लबांत वाद रंगतात. मी त्यात पडणार नाही. मीठ न लागलेल्या पत्र्यावर बसून पावसात जाता येतं, मला तेवढं पुरे.

कागदांत पहिला पाहायचा तो गाडीचा क्रमांक. सुरुवातीला ‘जीएचडी’ असेल तर ती कारखान्यातूनच कूपे म्हणून निघाली. उघड्या गाडीचा क्रमांक ‘जीएचएन’ने सुरू होतो. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून उत्पादनाच्या नोंदींवरून प्रमाणपत्र मिळतं: कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठल्या देशात गेली. मूळची मिनरल ब्लू गाडी आज टार्टन रेड दिसत असेल तर बिघडलं काहीच नाही. फक्त दाराच्या आतल्या कडा आणि गालिच्याखालचा पत्रा कोणत्या रंगाचा आहे ते पाहावं. तिथे जुना निळा तसाच असेल तर ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ कळतो. त्याहून महत्त्वाचे फोटो: मडगार्ड काढलेलं, सिल उघडा, मधला पडदा नवा दिसतोय असे. खरं काम करणारा माणूस ते काढतोच, कारण त्या सगळ्या मेहनतीतलं उद्या दिसणारं असं काहीच नसतं.

चालवायला गाडी वयाच्या मानाने भारदस्त. किल्ली फिरवली की मागून एसयू पेट्रोल पंपाची टकटक ऐकू येते, कार्बोरेटर भरले की थांबते. थांबलीच नाही तर कुठेतरी गळती आहे किंवा टाकी रिकामी. स्टिअरिंग वजनदार, मागे पाट्यांची स्प्रिंग, पुढची किंगपिन दर ३,००० मैलांवर ग्रीस मागणारी. ताशी ६० मैलांचा वेग गाठायला तेरा-एक सेकंद, म्हणजे आजची साधी हॅचबॅक हिला सहज मागे टाकेल. ओव्हरड्राइव्ह असलेली गाडी मिळाली तर मात्र सोडू नये. चौथ्या गिअरमध्ये ७० मैलांना इंजिन सुमारे ३,९०० फेऱ्यांवर कण्हत असतं. बटण दाबलं की ते ३,२०० च्या आसपास येतं आणि शेजारच्याशी बोलता येतं.

१९७४ च्या शरदात अमेरिकी नियमांपायी क्रोम गेला, काळे जाड रबराचे बंपर आले आणि गाडी दीड इंच उंच झाली. वळणावर ती तेव्हापासून डुलायला लागली. गंमत अशी की त्यानंतर लवकरच कूपे अमेरिकेतून काढूनच घेतली. ज्या नियमांसाठी हे केलं त्या बाजारात ती पुढे विकलीच गेली नाही. रबर बंपरची गाडी अजूनही बरीच स्वस्त मिळते, आणि पत्रा चांगला असेल तर डोळ्यांची तक्रार बाजूला ठेवून घ्यावी. व्ही-८ ची गोष्ट वेगळी: १९७३ ते ७६ मध्ये रोव्हरचं साडेतीन लिटरचं इंजिन घातलेल्या फक्त २,५९१ बनल्या, आणि त्यांचे भाव त्यांच्या तोऱ्यानेच चालतात.

सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डन पन्नाशी साजरी करत होतं आणि त्याच महिन्यात मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने कारखाना बंद करण्याचं जाहीर केलं. विकत घ्यायला पुढे आला तो ॲस्टन मार्टिनच्या ॲलन कर्टिस यांचा गट! गरिबांच्या ॲस्टनला खुद्द ॲस्टनचा हात मिळत होता, पण पैसे जुळले नाहीत. ऑक्टोबर १९८० मध्ये दारं मिटली.

आता व्यवहाराचं. एमजीबी जीटीचं खरंखुरं रिस्टोरेशन करायला जो खर्च येतो तेवढी किंमत ती विकताना बहुधा येत नाही. मजुरी महाग, आणि गाडी दुर्मीळ नाही. तोटा आधीच्या मालकाने सोसलेला असतो, म्हणून दुसऱ्याने नीट पुरी केलेली गाडी घेणं हाच यातला शहाणा सौदा. स्वस्तातली अर्धवट गाडी घेणारा शेवटी जास्त मोजतो. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. म्हणजे या गाडीखाली वाकून पाहायला कुणी सरकारी माणूस आता बांधील नाही. पण तपासणी स्वेच्छेने करून घेता येते. तिचे पैसे आपण देऊ म्हणावं. विक्रेता किल्ली हातात ठेवून खुशाल हो म्हणाला तर भावात फार घासाघीस करू नये. त्याने विषय रंगाकडे वळवला तर चहा घ्यावा आणि निघावं. कूपे सव्वा लाख बनल्या होत्या. पाहायला दुसरी मिळेल.