प्रमाण भाडे आणि जादा वसुली

जी जागा १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या भाड्याने दिलेली होती, तेच तिचे 'प्रमाण भाडे' असे सर्वसाधारणपणे ठरवून, १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने त्याहून अधिक मागणे बेकायदा केले. आणि घरमालकाने जादा रक्कम उकळलीच, तर ती भरल्यापासून सहा महिन्यांच्या मुदतीत परत मागण्याची, किंवा पुढील भाड्यातून वळती करून घेण्याची मुभा भाडेकरूस दिली. मुदत तोकडीच, शिवाय ज्याला धड पावतीही मिळत नाही, त्याने लघुवाद न्यायालयात जादा वसुली शाबीत करावी तरी कशी? पागडी तर निषिद्ध असूनही चाळीचाळींतून राजरोस चालली.

मालकांची तक्रारही सर्वस्वी निराधार नव्हती. भाडे गोठल्याने इमारतींची डागडुजी खुंटली, आणि या तरतुदी कालौघात अवाजवी व मनमानी झाल्या आहेत, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने दरसाल ४ टक्के वाढ मान्य केली. पागडीची देवघेवही, जी इतकी वर्षे गुन्हा गणली जात होती, ती त्याने कायदेशीर ठरविली.