उसन्या जागरणाचा हिशेब

फेब्रुवारीतली गोष्ट. रात्री दीडला भाच्याचा फोन. "मावशी, छाती धडधडतेय गं. हात थरथरतायत. आईला सांगू नकोस." पोरगा पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. खोलीतल्या मित्राला उठव आणि आधी दवाखाना गाठ, म्हटलं. ईसीजी ठीक निघाला. मग डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काय काय प्यायलास?"

पाच चहा आणि एनर्जी ड्रिंकच्या तीन बाटल्या. शेवटची रात्री अकराला.

दुसऱ्या दिवशी मी पहिली एसटी पकडून पुण्याला गेले. अभ्यासिकेच्या खाली टपरी आहे. तिच्या काचेच्या फ्रिजमध्ये ताक तळाच्या खणात, पाणी मधल्या, आणि बरोबर डोळ्यांसमोर या वीस रुपयांच्या बाटल्या. "परीक्षा जवळ आली की क्रेट पुरत नाही, ताई," टपरीवाला म्हणाला. मी एक विकत घेतली ती प्यायला नाही, वाचायला. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात हयात गेली. लेबल दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही.

चष्मा कपाळावर सरकवून बाटली नाकाशी धरली तेव्हा अक्षरं लागली. कॅफीन १०० मिलिलिटरला २९ मिलिग्रॅम. बाटली २५० मिलिलिटरची. म्हणजे गुणाकार गिऱ्हाइकानं करायचा! उत्तर साडेबहात्तर मिलिग्रॅम.

आपल्याकडे या पेयांचं कायदेशीर नाव 'कॅफीनयुक्त पेय'. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार त्यात लिटरमागे किमान १४५ आणि कमाल ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं. वेष्टनावर तशी ठळक सूचना हवी. मुलं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, कॅफीन न सोसणारी माणसं आणि खेळाडू यांच्यासाठी हे पेय नाही, असंही छापावं लागतं. शिवाय दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको. म्हणजे दोन बाटल्या झाल्या की संपलं. भाच्यानं तिसरी फोडली तिथेच मर्यादा मोडली होती. ती बाटलीवरच छापलेली होती, पण इंग्रजीत आणि मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत.

बाटलीला मात्र आपल्या चहाची खबर नसते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१५ साली सगळ्या मार्गांनी मिळून कॅफीनचा हिशेब मांडला: धडधाकट प्रौढाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत, एका बैठकीत २०० पर्यंत, गरोदर बाईला अख्ख्या दिवसात २००. चहाच्या कपात पावडर आणि उकळी यांवर साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम उतरतं. भाच्याचे पाच चहा पस्तीसच्या हिशेबानं १७५, तीन बाटल्यांचे सुमारे २१८. बेरीज ३९३. "बघ मावशी, चारशेच्या आतच आहे!" तो म्हणाला. बेरीज बरोबर होती, पण चारशेचा आकडा सत्तर किलोच्या माणसाचा. किलोमागे पडतात ५.७ मिलिग्रॅम. आमचं चिरंजीव भरतं ५२ किलो, म्हणजे त्याची मर्यादा तीनशेच्या आसपास. त्यात रात्रीचं जेवण चुकवलेलं आणि दोन बाटल्या सात ते अकराच्या मध्ये रिचवलेल्या.

आता अकराच्या बाटलीचं पाहू. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या ठरल्या जागांवर जाऊन बसलं की डोळे जड होतात. कॅफीन त्याच जागा आधी जाऊन अडवतं, एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसं. अ‍ॅडेनोसीन कुठे जात नाही, उभं राहतं, वाढत राहतं. रुमाल उचलला गेला की सगळी गर्दी एकदम बसते. म्हणून उतरतानाची ती मरगळ. थकवा गेलेला नसतोच, फक्त कळत नसतो. आणि रुमाल लवकर उचललाही जात नाही: प्रौढाच्या शरीरात कॅफीन निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. अकराला प्यायलेल्या बाटलीतलं निम्मं पहाटे चारलाही रक्तात फिरत असतं. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना तर ते आणखी रेंगाळतं.

या पेयांचा जन्मच जागरणाच्या गरजेतून झाला. जपानमध्ये १९६२ साली 'लिपोव्हिटान डी' आलं. पुढे थायलंडमध्ये 'क्राटिंग डेंग' निघालं, ते ट्रकचालक आणि मजुरांत खपू लागलं. एका ऑस्ट्रियन विक्रेत्याला ते भावलं आणि १ एप्रिल १९८७ रोजी ऑस्ट्रियात 'रेड बुल' बाजारात आलं. गंमत अशी की थाई नावातला प्राणी बैल नाहीच, तो गवा. आपल्या दाजीपूरच्या जंगलातला तोच! या पेयांतल्या टॉरीनबद्दलही पोरांत भलत्या समजुती आहेत. १८२७ साली ते बैलाच्या पित्तातून वेगळं काढलं गेलं, म्हणून लॅटिनमधल्या बैलावरून नाव पडलं. आता ते कारखान्यात तयार होतं. बैलाचं बळ वगैरे काही अंगात येत नाही.

नावातली 'एनर्जी' साखरेची असते. कॅफीनमध्ये उष्मांक नाहीत. २५० मिलिलिटरच्या गोड डब्यात साखर २७ ग्रॅमच्या आसपास असली, तर उष्मांक भरतात एका केळ्याइतके. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर १,६०० मीटर धावणारी पोरं धावण्याआधी ही बाटली तोंडाला लावताना मी पाहिली आहेत. कॅफीननं कामगिरी थोडी सुधारते हे खरं आहे, पण घामातून गेलेलं मीठ ते भरून देत नाही. हे पेय आणि ओआरएस यांची गल्लत उन्हाळ्यात महागात पडेल. दारूत मिसळणं त्याहून वाईट: चढलेली कळत नाही आणि माणूस गाडीची किल्ली शोधतो.

लहान मुलांबाबत मात्र मला घासाघीस मान्य नाही. युरोपच्या त्याच हिशेबात मुलांना किलोमागे तीन मिलिग्रॅम, म्हणजे तिसरीतल्या २५ किलोच्या पोराची दिवसाची मर्यादा एका बाटलीत जवळजवळ संपते. लिथुआनियानं २०१४ मध्येच अठराच्या आतल्यांना विक्री बंद केली. पोलंडनं १ जानेवारी २०२४ पासून. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितलं, की शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशा पेयांची विक्री बंद करण्याचा आदेश काढू. घोषणा चांगलीच होती. पण टपरीवर वीस रुपये पुढे करणाऱ्याला वय कोण विचारतं?

मोठ्यांनी प्यायचीच असेल तर रोज एक, तीही दुपारी तीनच्या आत, आणि त्या दिवशी चहा मोजून. रक्तदाब किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड थांबेना, तर लिंबू सरबत पीत बसू नका, दवाखाना गाठा. रोजची सवय एका दिवसात तोडू नका. हळूहळू उतरवा, नाहीतर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डोकं ठणकायला लागतं. भाच्यानं माझं न ऐकता एकदम सोडलं. त्याचं डोकं सहाव्या दिवशी दुखायचं थांबलं.