पुरावा काय, आई?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. लेक तेव्हा आठवीत होती. सहलीसाठी जमवलेले पैसे मधल्या सुट्टीत बाईंच्या टेबलावरून गायब झाले. डोकं दुखतंय म्हणून ही एकटीच वर्गात बसून होती. झालं! स्पष्ट कुणी काही म्हटलं नाही, पण सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. दप्तर तपासलं, काही निघालं नाही. तरी ‘तू नाहीस, तर मग कोण?’ हा प्रश्न तिला वर्षभर पुरला. पैसे कुठे गेले, ते शेवटपर्यंत कळलंच नाही. वार्षिक परीक्षा झाली आणि ती म्हणाली, “आई, मी आता शाळेत जाणार नाही.”

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात मुलीला घरी बसवलं की काय काय ऐकावं लागतं, ते मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको. सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. पण यांनी चौकशी केली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना घरी अभ्यास करून दहावीला बसता येतं. मी लग्नाआधी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. ती पदवी इतकी वर्षं साडीच्या खोक्यात पडून होती. म्हटलं, आता तिला हवा लागू दे.

सुरुवातीचे दिवस रडतखडत गेले. एकदा टीव्हीवर ‘सीआयडी’ चालू होतं. डॉ. साळुंखेंनी चुटकीसरशी निकाल सांगितला आणि लेकीने विचारलं, “आई, बोटांचे ठसे खरंच असे सापडतात?” मला त्या प्रश्नामागचा प्रश्न कळला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात न्यायसहायक विज्ञानाचा, म्हणजे फॉरेन्सिकचा तास सुरू झाला.

पहिला प्रयोग ठशांचा. काचेच्या ग्लासवर अंगठा दाबायचा, वर किंचित टाल्कम पावडर टाकायची आणि रंगकामाच्या मऊ ब्रशने अलगद झटकायची. घामाच्या आणि तेलकटपणाच्या रेषांना पावडर चिकटून राहते. मग त्यावर सेलोटेप लावून काळ्या कागदावर चिकटवायची, की ठसा उमटलाच! घरातल्या सगळ्यांचे ठसे घेतले. सासूबाई तर स्वतःहून हात पुढे करून बसल्या, “बघ गं, माझी चक्रं किती?” त्यानिमित्ताने त्या बोलायला लागल्या, हा वरचा फायदा. या रेषा बाळ पोटात असतानाच तयार होतात आणि अगदी जुळ्यांच्याही सारख्या नसतात. ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ साली आपल्या कोलकात्यात सुरू झालं. ठशांची वर्गवारी एडवर्ड हेन्री या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते, पण त्यामागचं डोकं आणि कष्ट अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचेही होते. हे ऐकून लेक म्हणाली, “म्हणजे नाव एकाचं, काम दुसऱ्यांचं!” बायकांना हे काही नवीन नाही.

दुसरा प्रयोग शाईचा. टीपकागदाच्या पट्टीवर काळ्या स्केचपेनचा ठिपका द्यायचा आणि पट्टीचं टोक पाण्यात बुडवायचं. ठिपका मात्र पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी चढत जातं आणि काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा असे रंग सुटे होतात. दोन कंपन्यांचे काळे पेन वेगवेगळे रंग दाखवतात. खोट्या कागदपत्रांची शाई तपासण्यामागे हेच तत्त्व आहे.

पण खरा धडा दिला तो हळदीने. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आपल्याला रोजचं. मी विचारलं, “कापडावर लाल डाग दिसला, काय म्हणशील?” ती पटकन म्हणाली, “साबण लागलाय.” मग मी चुन्याची निवळी टाकली. लाल. धुण्याचा सोडा टाकला. पुन्हा लाल! लाल रंग एवढंच सांगतो की काहीतरी अल्कली आहे. ते नेमकं काय, हे तो सांगत नाही. रक्ताच्या प्राथमिक चाचणीचंही तसंच. काही भाज्यांच्या रसानेही ती रंग दाखवू शकते. म्हणून आधी शंकेची चाचणी आणि मग खात्रीची. पुरावा जेवढं बोलतो, तेवढंच आपण बोलायचं.

तज्ज्ञही चुकतात, हेही तिला सांगितलं. २००४ साली माद्रिदला रेल्वेत बॉम्बस्फोट झाले. तिथे सापडलेला एक ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा असल्याचं एफबीआयने ठामपणे सांगितलं. तो दोन आठवडे कोठडीत राहिला. ठसा निघाला भलत्याच माणसाचा. एफबीआयला माफी मागावी लागली. लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्यांनी माफी तरी मागितली.”

आणि गेल्या श्रावणात माझी परीक्षा झाली. माझ्या कानातलं एक फूल हरवलं. सकाळी खोली झाडली होती ती धुणंभांडी करणाऱ्या मावशींनी. मी त्यांना एवढंच विचारलं, “मावशी, तुम्हीच झाडलंत ना इथे?” शब्द साधेच, पण सूर साधा नव्हता. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत. मी कुरकुरले, “बघितलंस?” लेक शांतपणे म्हणाली, “पुरावा काय, आई?”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिने खडूने खोलीत चौकोन आखले आणि एकेक चौकोन तपासला. घटनास्थळी असाच शोध घेतात, हे मीच शिकवलेलं. फूल सापडलं उशीच्या अभ्र्याच्या शिवणीत, धाग्यात अडकलेलं. संध्याकाळी आम्ही दोघी मावशींच्या घरी गेलो. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “ताई, सापडलं म्हणून आलात. नसतं सापडलं तर?” या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मावशी आठ दिवसांनी कामावर आल्या, तो त्यांचा मोठेपणा.

आता लेकीला याच क्षेत्रात जायचंय. बारावी सायन्सनंतर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरला राष्ट्रीय विद्यापीठ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे, ती राज्यांनी पाच वर्षांत अमलात आणायची आहे. म्हणजे या कामाला माणसं लागणारच.

ती तिथवर पोचेल की नाही, आज सांगता येत नाही. तेवढा पुरावा अजून नाही! पण परवा शेजारच्या काकू कुणाच्या तरी सुनेबद्दल कुजबुजत होत्या, तेव्हा माझ्याच तोंडून निघून गेलं, “काकू, तुम्ही स्वतः बघितलंत का?”