न विचारता घेतलेला होकार

वेबची मूळ रचना विसराळू होती. संगणकाने पान मागितले, सर्व्हरने दिले, की ओळख संपली; पुढच्याच क्षणी तोच संगणक दुसरे पान मागायला आला तरी सर्व्हरच्या लेखी तो नवखाच. दुकान मांडायचे तर हे परवडणारे नव्हते, कारण टोपलीत टाकलेली वस्तू पान बदलताच नाहीशी व्हायची. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली या तरुण प्रोग्रामरने यावर काढलेला तोडगा म्हणजे कुकी. देवळाबाहेर चपला ठेवताना बिल्ला मिळतो, त्यातलाच हा प्रकार: सर्व्हर ब्राउझरच्या हाती एक छोटी चिठ्ठी देतो आणि पुढच्या खेपेला ब्राउझर ती दाखवतो. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक चिकटवणे याहून सोपे होते. पण मग सगळ्याच संकेतस्थळांना एका क्रमांकावरून माणूस ओळखता आला असता, म्हणून मॉन्टुलीने तो मार्ग टाळला. ज्याने बिल्ला दिला त्यालाच तो दाखवायचा, हा नियम त्याने मुद्दाम घातला. म्हणजे कुकी जन्मापासूनच हेर होती, ही समजूत खरी नाही. गेल्या तीस वर्षांत खासगीपणाचे जे झाले त्याचे मूळ कुकीत कमी आणि एका साध्या प्रश्नात जास्त आहे: वापरणाऱ्याने काहीच केले नाही तर काय घडावे, हे कोण ठरवणार?

पळवाट चित्रांतून निघाली. एका पानावरचे चित्र भलत्याच सर्व्हरवरून येऊ शकते आणि तोही आपला बिल्ला देऊ शकतो. जाहिरात कंपन्यांनी असंख्य संकेतस्थळांवर आपली चित्रे लावली. जणू पंचक्रोशीतल्या प्रत्येक देवळाबाहेर एकच चपलावाला बसला आणि कोण कुठे कधी गेले हे त्याला आपोआप कळू लागले. हीच थर्ड पार्टी, म्हणजे तिऱ्हाइताची कुकी. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ने या चिठ्ठ्यांविषयी लिहिले, तेव्हा कुठे सामान्य वाचकाला त्यांचे अस्तित्व कळले. पण धोका ओळखणारे लोक तेव्हाही होते, आणि हेच या इतिहासातले सर्वांत बोलके पान आहे. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने कुकीचे पहिले मानक काढले. ते डेव्हिड क्रिस्टल आणि खुद्द मॉन्टुली यांनी लिहिले होते. तिऱ्हाइताची कुकी ब्राउझरने स्वीकारू नये; ती चालू करण्याची सोय द्यायचीच असेल तर खटका मुळात बंद असावा, असे त्यात म्हटले होते. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांनीही ते मनावर घेतले नाही. खटका चालूच राहिला.

त्यानंतरचा पैसा या एका खटक्यावर उभा राहिला. डबलक्लिक या जाहिरात कंपनीने १९९९ मध्ये अ‍ॅबॅकस डायरेक्ट ही टपालाने होणाऱ्या खरेदीची माहिती सांभाळणारी कंपनी घेतली आणि कुकीमागच्या निनावी माणसाला नाव-पत्ता जोडण्याचा बेत आखला. अमेरिकेत एवढा गदारोळ झाला की २००० च्या मार्चमध्ये तो गुंडाळावा लागला. पुढे २००८ मध्ये हीच कंपनी ३.१ अब्ज डॉलरला गूगलकडे गेली. फुकट बातम्या, फुकट ईमेल यांची किंमत कोणीतरी मोजायलाच हवी, हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. तो खोटा नाही, अपुरा आहे. जाहिरातीला माणसाचा माग लागतोच असे नाही. वर्तमानपत्रे दीड-दोनशे वर्षे वाचकाचा पाठलाग न करता जाहिराती छापत आली, आणि गूगलची शोधाशेजारची जाहिरातही मुख्यतः त्या क्षणी टाइप केलेल्या शब्दांवरच बेतलेली होती.

दुसरा आक्षेप निवडीचा: ज्याला नको त्याने सेटिंग बदलावी. पण कंपन्यांचा स्वतःचा व्यवहार काय सांगतो? आयफोनच्या सफारीत मूळचे शोधयंत्र आपले असावे यासाठी गूगलने अ‍ॅपलला एकट्या २०२२ सालात २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. सेटिंग बदलणे लोकांच्या इतके हातचे असते तर एवढी रक्कम कोण मोजेल? त्याच सफारीने तिऱ्हाइताच्या कुकीला मुळातच आडकाठी केली होती. तिच्यातली फट शोधून वाट काढल्याबद्दल २०१२ मध्ये गूगलला २.२५ कोटी डॉलर दंड भरावा लागला.

युरोपने संमतीचा रस्ता धरला. नियमांतल्या २००९ च्या दुरुस्तीनंतर कुकीसाठी परवानगी अनिवार्य झाली आणि पानोपानी त्या चौकटी उगवल्या. ‘स्वीकारा’ ठळक रंगात, ‘नकार’ तीन पडदे मागे. आधीच टिचकी मारून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे, हे सांगायला युरोपीय न्यायालयाला २०१९ चा प्लॅनेट४९ खटला लागला. स्वीकारण्याइतके नाकारणे सोपे नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने २०२२ च्या सुरुवातीला गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला. संमती मागणे व्यर्थ, असे नाही. तिच्यामुळेच हा व्यवहार उघड्यावर आला. पण दिवसातून वीस वेळा विचारलेल्या प्रश्नाला माणूस उत्तर देत नाही, तो वाट मोकळी करतो.

खटका बंद ठेवला तर वेब कोसळेल, ही भीती २०१९-२० मध्ये निकालात निघाली. फायरफॉक्सने माग काढणाऱ्या कुकी आणि सफारीने तिऱ्हाइताच्या सगळ्याच कुकी मूळ सेटिंगमध्ये अडवल्या, आणि वेब जागच्या जागी राहिले. गूगलच्या क्रोमने जानेवारी २०२० मध्ये त्यासाठी दोन वर्षांची मुदत जाहीर केली, ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये वापरणाऱ्याला वेगळे विचारणारही नाही असे सांगितले. यात एक गुंता मात्र खरा आहे. इतरांच्या कुकी बंद झाल्या तर ज्याच्याकडे आधीच कोट्यवधी खाती आहेत तो गूगलच आणखी बलवान होईल, अशी ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाची शंका होती आणि ती रास्त होती. पण ती ब्राउझर आणि जाहिरातीचा बाजार एकाच मालकाच्या हाती असण्याविरुद्धची शंका आहे. चालू खटक्याची तरफदारी नव्हे. कुकी अडवली तर कंपन्या ब्राउझरच्या ‘बोटांच्या ठशां’कडे वळतील, हेही खरे. पडद्याचा आकार, फॉन्ट, प्लगइन अशा खुणांवरून आपल्या चाचणीतले ८३.६ टक्के ब्राउझर वेगळे ओळखता येतात, हे ईएफएफ या संस्थेने २०१० मध्येच दाखवले होते. कुकी निदान पुसता येते, ठसा पुसता येत नाही. म्हणूनच तो उमटू न देण्याचे काम ब्राउझर बनवणाऱ्याचे ठरते.

भारताचा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागता येईल, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. ही सोय मोठी आहे. पण मराठीतली चौकटही चौकटच. त्याच कायद्यात लहान मुलांबाबत मात्र वेगळी भाषा आहे: काही अपवाद सोडले तर त्यांचा माग काढायचा नाही, त्यांच्यावर नेम धरून जाहिरात करायची नाही. तिथे पालकांनी ‘हो’ म्हटले म्हणून हे दार उघडत नाही. खटका मुळातच बंद आहे. अठराव्या वाढदिवशी तो पुन्हा चालू होतो.